यात्रेचा हिशेब आणि आमच्या मुलींचे संशोधन

मानोऱ्याच्या कापडबाजारात ईद, दिवाळी आणि लग्नसराई या तीन हंगामांच्या जोडीला आणखी एक हंगाम धरला जातो. तो म्हणजे पोहरादेवीची रामनवमीची यात्रा. संत सेवालाल महाराजांची समाधी आमच्या तालुक्यात आहे. त्यामुळे महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि मध्य प्रदेशातूनही बंजारा समाजाचे भाविक लाखोंच्या संख्येने येथे येतात. मणियाराच्या बांगड्या, अत्ताराची अत्तरे आणि अगरबत्त्या, बागवानाची फळे, तांबोळ्याची पाने आणि आमच्यासारख्यांचे कापड अशी सर्व दुकाने त्या दिवसांत यात्रेच्या वाटेवर लागतात. हे धंदे बहुतांशी आमच्याच बिरादरीचे आहेत. तेव्हा या यात्रेशी आमचे नाते भाविकाचे नसले तरी रोजीचे आहे, आणि ते आजचे नाही, वाडवडिलांपासूनचे आहे.

आता या बाजारातले खरे गिऱ्हाईक कोण, हे कोणत्याही अनुभवी दुकानदाराला विचारा. पैसे पुरुषाच्या खिशातून निघतात, पण कापडाला हात लावून पोत पाहणारी, रंग पक्का की कच्चा हे पदराला चोळून ठरवणारी, भाव पाडणारी आणि "हे नको, ते काढा" म्हणणारी बाई असते. बांगडीच्या दुकानात तर पुरुष उभाही राहत नाही. दुसऱ्या बाजूला, जो माल विकला जातो त्यावर शेवटचा हात कोणाचा फिरलेला असतो? साडीचे फॉल-पिको, ओढणीची लेस, दर्ग्याच्या चादरीची झालर, गोंडे, गजरे, अगरबत्तीची पुडकी बांधणे, हे सारे घराघरांतून बायका करतात. म्हणजे विकत घेणारी बाई आणि माल तयार करणारीही बाई. मधल्या गल्ल्यावर मात्र आम्ही बसलेलो असतो. यात्रा संपली की अमुक कोटींची उलाढाल झाली अशा अंदाजाच्या बातम्या छापून येतात. त्या उलाढालीत बायकांनी किती खर्च केला, बायकांनी किती कमावले, याचा आकडा कोणी विचारत नाही.

हा आकडा काढायचा असे आमच्या तालुक्यातील बिरादरीच्याच एका मुलीने ठरविले आहे. तिचे नाव आम्ही येथे देत नाही. एम. ए. झाले आहे, गुण चांगले आहेत, आणि यात्रा व उरूस यांमधील स्त्रियांचे काम आणि कमाई या विषयावर तिला पीएच. डी. करावयाची आहे. मंगरुळपीरचा दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि पोहरादेवी ही दोन ठिकाणे तिने निवडली आहेत. विद्यापीठाच्या भाषेत हा विषय 'लिंगभाव आणि पर्यटन' या सदरात मोडतो. लिंगभाव म्हणजे बाई कोण आणि पुरुष कोण एवढेच नव्हे, तर समाजाने बाईला कोणते काम दिले, पुरुषाला कोणते दिले, आणि त्या कामाचे मोल कसे ठरविले, याचा विचार.

या मुलीच्या बेताची वार्ता आमच्या व्यापारी मंडळींत पसरली तेव्हा जे बोलले गेले ते ऐकून आम्हाला वाईट वाटले. एका बुजुर्गांनी तर "घूमने की भी डिग्री मिलती है क्या?" असे विचारून सर्वांना हसविले. बी. एड. करा, डी. एड. करा, शाळेत लागा, नाही तर लग्न करा, असा सल्ला तिच्या वडिलांना दिला जात आहे, आणि ते द्विधा मनःस्थितीत आहेत. म्हणून या पानावर, जेथे एरवी आम्ही सुताचे भाव आणि उधारीची रड लिहितो, तेथे आज या विषयावर लिहीत आहोत.

प्रथम 'घूमने की डिग्री' याविषयी. पर्यटन म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर नाही तर गोव्याचा समुद्रकिनारा येतो. पण जगभर पर्यटकांची मोजणी ज्या व्याख्येने होते, त्या व्याख्येत आपले नेहमीचे ठिकाण सोडून वर्षभराच्या आतल्या मुदतीसाठी बाहेर जाणारा, पण तेथे नोकरी धरण्यासाठी न जाणारा प्रत्येक माणूस येतो. मग तो धर्मकार्यासाठी जावो, नातलगांकडे जावो की व्यापारासाठी. म्हणजे उरुसाला येणारा जायरीन पर्यटक आहे, पंढरीचा वारकरी आहे, पोहरादेवीला आलेले तांड्याचे कुटुंब आहे आणि हज-उमऱ्याला जाणारे आमचे हाजीही आहेत. सुरतेला माल आणायला जाणारे आम्ही व्यापारीसुद्धा त्यात आहोत. तेव्हा हसणाऱ्यांनी आपण स्वतः वर्षातून कितीदा पर्यटक होतो ते आधी मोजावे.

आणि हा विषय कोणा एकीच्या डोक्यातून निघालेला नाही. १९९४ साली इंग्लंडमधील व्हिव्हियन किनेर्ड आणि डेरेक हॉल यांनी पर्यटनाचा लिंगभावाच्या दृष्टीने विचार करणारा ग्रंथ संपादित केला. १९९५ साली पर्यटन संशोधनाच्या एका मान्यवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने मार्गारेट स्वेन यांच्या संपादनाखाली याच विषयावर खास अंक काढला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने या विषयावर दोन मोठे अहवाल काढले, पहिला २०१० च्या सुमारास आणि दुसरा २०१९ साली. दुसऱ्या अहवालातील आकडे व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावेत. जगात पर्यटनाच्या धंद्यात काम करणाऱ्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया आहेत, तर एकूण अर्थव्यवस्थेत हे प्रमाण ३९ टक्के आहे. म्हणजे हा धंदा बायकांच्याच खांद्यावर अधिक उभा आहे. आणि त्याच धंद्यात बायकांना पुरुषांपेक्षा १४.७ टक्के कमी मोबदला मिळतो. हे आकडे काढणाऱ्या माणसांना कोणी तरी पगार दिला, कोणी तरी विद्यापीठात जागा दिली, तेव्हाच ते निघाले.

आपल्या महाराष्ट्रातही हे नवे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकविणाऱ्या इरावती कर्वे या पंढरीच्या वारीत स्वतः पायी चालल्या. वाटेत बायका काय बोलतात, कोण कोणाबरोबर जेवते, कोण वेगळे बसते, हे त्यांनी पाहिले आणि 'वाटचाल' या लेखात लिहिले. १९६२ साली त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतील विद्वानांच्या नियतकालिकात आले आणि महाराष्ट्राच्या यात्रांविषयी लिहिणाऱ्या परदेशी अभ्यासकांना तो वाचावा लागतो. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या बाई. त्यांनी मराठी शिकून महाराष्ट्रातील नद्या, त्यांच्या काठची दैवते आणि स्त्रीत्व यांवर १९९५ साली एक ग्रंथ आणि २००३ साली येथील यात्रांवर दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या गावोगावच्या जत्रा समजून घेण्यासाठी एक बाई सातासमुद्रापलीकडून आली, गावांत राहिली आणि लोकांनी तिला सांगितले. आणि मानोऱ्याच्या मुलीने पोहरादेवीला जाऊन चार दुकानदारांना प्रश्न विचारले तर आमची इज्जत जाते, हा कोणता न्याय?

यावर कोणी म्हणेल की त्या परक्या, आपल्या मुलींची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी आम्ही लखनौच्या झरीना भट्टी यांचे उदाहरण ठेवतो. पर्द्याच्या घराण्यात वाढलेल्या या बाईंनी अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले, दिल्लीत अध्यापन केले आणि अलाहाबादच्या बिडी धंद्यातील स्त्रियांच्या कमाईवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी १९८१ साली अभ्यास केला. घरात बसून बिडी वळणारी बाई किती कमावते आणि त्या कमाईमुळे घरात तिचे स्थान काय होते, हे त्यांनी मांडले. पुढे त्या भारतीय स्त्री अभ्यास संघाच्या अध्यक्ष झाल्या. विदर्भ-मराठवाड्यात आमच्या किती घरांत बिडी वळून पोरांच्या फिया भरल्या गेल्या हे वाचकांना सांगावयास नको. त्या बिडीचा हिशेब एका मुस्लिम बाईने जगापुढे मांडला, ही आम्हाला अभिमानाची गोष्ट वाटते. आणि तिजारतीत बाईचे स्थान काय असू शकते, हे हजरत खदीजा (र. अ.) यांच्या काफिल्यांचा इतिहास जाणणाऱ्या उम्मतीला कोणी नव्याने शिकवावे असे नाही.

प्रवासाचा प्रश्न राहतोच. मुलगी एकटी कशी जाणार, कोणाबरोबर जाणार, ही बापाची काळजी खरी आहे आणि तिची थट्टा आम्ही करणार नाही. पण काळ कोठे चालला आहे तेही पाहावे. २०१८ पासून आपल्या देशातून ४५ वर्षांवरील स्त्रियांना चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जाण्याची मुभा मिळाली, आणि २०२३ साली अशा चार हजारांहून अधिक स्त्रिया गेल्या. यावर उलेमांत मतभेद आहेत, ते त्यांनी पाहावेत. आम्ही व्यापाऱ्याच्या नजरेने पाहतो. या चार हजार बायकांना अबाया, नमाजची ओढणी, हलकी बॅग, मजबूत चप्पल लागली. त्यांना राहण्याची जागा कशी हवी होती, कोणत्या गोष्टीचा त्रास झाला, खरेदी कोठे आणि किती केली, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे? टूर काढणाऱ्याला पुरुषाचा अनुभव ठाऊक असतो. बाईचा अनुभव बाईच विचारू शकते. आमच्या मुलीचेही तसेच आहे. तांड्यावरच्या बाईशी, दर्ग्याच्या जनान्यात बसलेल्या बाईशी पुरुष संशोधक काय बोलणार? या विषयात आमच्या मुलीला जी वाट मोकळी आहे ती पुरुषाला बंद आहे. तालुक्यातल्या तालुक्यात फिरताना तिच्याबरोबर मावशी, बहीण, मैत्रीण जाऊ शकते. त्यासाठी शिक्षण थांबविण्याची गरज नाही.

आता धंद्याकडे येऊ, कारण हे पान धंद्याचे आहे.

बंजारा स्त्रियांचा फेटिया आणि काचळी, त्यावरचे आरसे, कवड्या, रंगीत टाके हे आम्ही कापडवाले पिढ्यान्पिढ्या पाहत आलो. जाड कापड, दोरा, आरसे आमच्याकडून जात आणि कशिदा त्यांच्या हातचा असे. हाच कशिदा कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातील सांडूरच्या लंबाणी स्त्रिया करतात. तेथे एका कलाकेंद्राने त्यांना एकत्र आणले, सांडूरच्या या कशिद्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जुलै २०२३ मध्ये जी-२० च्या बैठकीच्या वेळी हंपी येथे साडेचारशेहून अधिक लंबाणी कारागिरांनी केलेल्या १,७५५ वस्तू मांडून गिनीज विक्रमात नोंद झाली. हंपी पाहायला येणारा पर्यटक आता तो कशिदा नावाने मागू शकतो. पोहरादेवीला तर त्या समाजाची काशीच म्हणतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे चार मजली बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इमारत झाली, रस्ते झाले. पण संग्रहालय पाहून बाहेर पडलेल्या माणसाला हाताने केलेली एक काचळी घ्यावीशी वाटली तर ती कोणत्या तांड्यातल्या कोणत्या बाईने केली, तिला त्यातले किती मिळाले, असा कशिदा करणाऱ्या बायका आता उरल्या किती, त्यांच्या मुली तो शिकतात की तयार यंत्रावरचे भरतकाम आणून विकतात, याची माहिती कोणाकडे आहे? आम्ही दुकानदार अंदाजाने माल भरतो. अंदाज चुकला की माल पुढच्या वर्षापर्यंत गाठोड्यात पडतो आणि त्याचे पैसे अडकतात. हा अंदाज ज्ञानात बदलणे यालाच संशोधन म्हणतात. विद्यापीठाचा शब्द मोठा आहे, काम आमच्याच गल्ल्याचे आहे.

एक साधी गोष्ट सांगतो. ज्या बाजारात बायकांसाठी स्वच्छ मुतारी नाही, त्या बाजारात बाई तास-दीड तासापेक्षा अधिक थांबत नाही. पाणी पीत नाही, लेकरांना घाईने ओढते, तीन दुकाने पाहायची ती एकच पाहते आणि निघते. पुरुष व्यापाऱ्याला वाटते की यंदा गिऱ्हाईक थंड आहे. गिऱ्हाईक थंड नव्हते, ते अवघडलेले होते. शेकडो कोटींच्या आराखड्यात पुतळे, सभागृहे आणि वाहनतळ येतात, पण बाईला बाजारात किती वेळ थांबता येते आणि त्या प्रत्येक तासाला ती किती खर्च करते हे मोजून कोणी कागदावर ठेवले तर नगरपंचायतीपुढे आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे व्यापाऱ्यांना बोलता येईल. नुसत्या तोंडी मागणीला कोणी भीक घालत नाही. हे आम्ही अनेक निवेदने देऊन शिकलो आहोत.

आमच्या कारागीर बांधवांसाठीही यात पुष्कळ आहे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५ लाख २२ हजारांहून अधिक हातमाग कामगार निघाले, आणि त्यातले ७२ टक्के स्त्रिया होत्या. आम्ही विणकर म्हटले की मोमीन पुरुष डोळ्यांपुढे आणतो. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, वेरूळ-अजिंठा आणि बीबी का मकबरा पाहून आलेल्या पर्यटकाला हिमरूचा माग दाखवितात तेव्हा मागावर बसलेला कारागीर दिसतो, त्याचे फोटो निघतात. कांड्या भरणारे घरातले हात फोटोत येत नाहीत. जी गोष्ट फोटोत येत नाही ती भावातही येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

येथे आम्हाला एका कुजबुजीची दखल घेतली पाहिजे. काही व्यापारी मित्र उघड बोलत नाहीत पण त्यांची खरी भीती वेगळीच आहे. मुलगी घरोघर जाऊन विचारणार की तुला नगामागे किती मिळतात, आणि मग ते छापणार. आमचे नाव खराब होणार. या भीतीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. जर्मन विदुषी मारिया मीस यांनी आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ साली ग्रंथ लिहिला. त्या बायका घरात बसून दिवसाचे अनेक तास लेस विणत, ती लेस परदेशी जात असे, व्यापारी आणि निर्यातदार श्रीमंत झाले, आणि बायका मात्र स्वतःलाही मजूर समजत नव्हत्या, घरकामातून उरलेल्या वेळात काही तरी करणाऱ्या गृहिणी समजत होत्या. त्यामुळे दर वाढवून मागण्याचा प्रश्नच येत नव्हता. मीस बाईंनी व्यापाऱ्यांची गय केली नाही. आमच्या मुलीनेही करू नये. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या अशी ताकीद ज्यांना आहे, त्यांनी मजुरीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दारातून परत पाठविणे शोभत नाही. शिवाय व्यापाराच्या दृष्टीने पाहा. चांगला हात असलेली बाई पाच रुपयांसाठी दुसऱ्याकडे गेली की आमचा माल बिघडतो. योग्य दर कोणता, हे ठाऊक असण्यात व्यापाऱ्याचा तोटा नाही.

राहता राहिला नोकरीचा प्रश्न, आणि येथे आम्ही कोणाला खोटी आशा दाखविणार नाही. प्राध्यापकाची कायम जागा मिळणे आज कठीण आहे. पीएच. डी. झालेली कितीतरी मुले-मुली महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करीत वर्षे काढत आहेत. संशोधनाला पाच-सहा वर्षे सहज जातात. हे सर्व वडिलांनी समजून घ्यावे. पण त्याचबरोबर पुढील गोष्टीही समजून घ्याव्यात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत स्त्री अभ्यास हा विषय आहे आणि पर्यटन प्रशासन व व्यवस्थापन हाही स्वतंत्र विषय आहे. या दोन विषयांना इतिहास-राज्यशास्त्राइतकी गर्दी नसते. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, इतर मागासवर्गात मोडणाऱ्यांना ५० टक्के चालतात. आमच्या मोमीन, पिंजारी आणि इतर कारागीर बिरादऱ्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेवर काढून ठेवावे. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात तहसीलला धावपळ करणारी पोरे आम्ही दरवर्षी पाहतो. या परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. मानोऱ्यासारख्या गावात किती दुकानदारांच्या हातात महिन्याकाठी निव्वळ इतके पडतात, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे. मुलींना पाठ्यवृत्तीच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे. पीएच. डी. च्या मुदतीत त्यांना दोन वर्षे अधिक मिळतात आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजा मिळू शकते. म्हणजे लग्न आणि संशोधन यांपैकी एकच निवडा, ही अट सरकारची नाही, आमचीच आहे.

एक दार मात्र बंद झाले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय पाठ्यवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी थांबविली. त्यावर निवेदने निघाली, भाषणे झाली. पण बिरादरीने आपल्या खिशातून किती मुलींची फी भरली, याचे उत्तर आम्हाला मिळालेले नाही. राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. आमच्या पुढाऱ्यांनी तिच्या दारात जावे ते नुसते स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीसाठी नव्हे, तर बाजार, कारागिरी, उरूस आणि स्त्रियांची कमाई अशा विषयांवरील संशोधनाला पैसे मागण्यासाठीही जावे.

प्राध्यापकी हीच काही एकमेव वाट नाही. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२३ साली 'आई' नावाचे महिला केंद्रित पर्यटन धोरण आणले. स्त्रीच्या मालकीच्या आणि स्त्रीने चालविलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या बँक कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची योजना त्यात आहे, आणि परताव्याची मर्यादा साडेचार लाखांची आहे. (व्याजाच्या व्यवहारात पडावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. योजना आहे एवढेच आम्ही सांगतो.) आता अशी धोरणे आखायला, ती लागू पडतात की नाही हे तपासायला, जिल्ह्याजिल्ह्यांतून अहवाल लिहायला माणसे लागतात. वाशीम जिल्ह्याचा अहवाल वाशीमचीच मुलगी लिहील की मुंबईहून गाडी करून आलेला कोणी तरी दोन दिवसांत लिहून जाईल? १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला तेव्हापासून आमच्याविषयीचे बहुतेक कागद बाहेरच्यांनीच लिहिलेले आम्ही पाहत आलो आहोत.

स्त्री अभ्यासाचे पहिले विद्यापीठीय केंद्र १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी उभे केले तेव्हा त्या विषयालाही लोक हसलेच असतील. आज त्या विषयात नेट आहे आणि देशभर केंद्रे आहेत. आमच्या मुलीला अमरावती विद्यापीठात मार्गदर्शक मिळाले तर उत्तम, नाही तर मुंबई-पुण्याचे दार ठोठवावे लागेल. तेथे वसतिगृहाचा खर्च येईल. तालुक्यातील कापड, किराणा आणि बांगडीच्या दुकानदारांनी महिन्याला थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली तरी तो निघण्यासारखा आहे. आम्ही आमचा वाटा सांगितला आहे.

पैशाहूनही तिला अधिक गरज आहे ती उत्तरांची. तिने नमुन्यादाखल एक प्रश्नावली केली आहे, मराठीत आणि उर्दूत. यात्रेच्या आठ दिवसांतली विक्री, त्यातली बायकांची खरेदी, कोणता माल उरला, दुकानात घरची बाई बसते का, बसली तर तिचा वाटा कसा धरता, असे प्रश्न आहेत. दुकानाचे नाव लिहावयाचे नाही. आम्ही आमची वही तिच्यापुढे ठेवली आणि दोन संध्याकाळी बसून सारे लिहून दिले. ती प्रश्नावली आम्ही आणखी काही दुकानदारांकडे पाठविली. शेवटून दुसरा प्रश्न असा आहे की, घरी लेस आणि फॉल लावणाऱ्या बाईला नगामागे किती देता, आणि तो दर शेवटचा कोणत्या वर्षी वाढविला? एका स्नेह्यांनी बाकी सर्व उत्तरे नीट लिहून या एका प्रश्नावर पेन्सिलीने फुली मारून कागद परत केला. तो आम्ही फुली खोडून पुन्हा त्यांच्याकडे धाडला आहे.